मोहाच्या दिवसांत रंगवलेलं पॅनेल

माझी गाडी विकायची असं घरात ठरलं, तेव्हा मी घरात नव्हते. मंगळवार होता, उपकेंद्रात एका रडणाऱ्या लेकराला लस टोचत होते. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, चहाचा कप हातात घेतला, तेव्हा नवरा खाली बघत म्हणाला की रविवारी गोंडपिपरीहून एक गिऱ्हाईक येणार आहे, दादानं पाहिलं आहे. मी विचारलं, कशाचं गिऱ्हाईक? तो म्हणाला, गाडीचं. चहा सांडला नाही, कारण मी आधी कप खाली ठेवला आणि मग भांडायला सुरुवात केली.

गाडी म्हणजे माझी मोटारसायकल. मी नर्स आहे. पोंभुर्ण्याच्या बाजूच्या जंगलातली पाच गावं माझ्याकडे आहेत. तिथं एसटी दिवसातून एकदा येते, तीही तिच्या मनात असलं तर. आधी नवरा मला नेऊन सोडायचा. भाताच्या रोवणीच्या दिवसांत तो चिखलात आणि मी नाक्यावर कोणाच्या तरी गाडीची वाट बघत, असं बरीच वर्षं चाललं. शेवटी एक्केचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले आणि माझ्या पगारातून ही जुनी मोटारसायकल घेतली. स्कूटीची लहान चाकं आमच्या गिट्टीच्या रस्त्यावर टिकत नाहीत, म्हणून मोठ्या चाकांची, समोर मोठं प्लास्टिकचं तोंड असलेली. घेतली त्या दिवशी मी ड्युटीवर होते, म्हणून कागदांवर सही नवऱ्यानं केली आणि नाव त्याचंच लागलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्यांच्या बायकांना बँकेत खातं उघडा म्हणून सांगत फिरणारी मी, स्वतःच्या बाबतीत अशी ढ निघाले.

आता भासऱ्यांबद्दल सांगायला हवं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सासरे लवकर गेले, तेव्हा यांनीच शाळा सोडून नांगर धरला आणि माझ्या नवऱ्याला वाढवलं. त्यामुळे त्यांचा शब्द घरात कोणी खाली पडू देत नाही. शिवाय आमच्याकडे भासरा आणि भावसून, म्हणजे लहान भावाची बायको, एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मी त्यांच्यासमोर बाजेवर बसत नाही. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते नवऱ्याला सांगतात, नवरा नसला तर सासूबाईंना, आणि दोघंही नसले तर दाराला. 'चहा झाला असन तर बरं होईन,' असं ते दाराकडं बघून म्हणतात आणि दार त्यांना चहा आणून देतं. वीस वर्षं मी ते दार आहे. माणूस वाईट नाही, पण दाराशी सल्लामसलत कोण करतं?

त्यांनी गाडी विकायचं काढलं त्याला कारण होतं. पंधरा दिवसांपूर्वी मी पडले होते. मार्च महिना, रस्त्यावर सागाच्या वाळलेल्या पानांचा थर, आणि वळणावर एक रानडुकरीण पिल्लं घेऊन निवांत उभी. मी ब्रेक दाबला, मागचं चाक पानांवरून घसरलं आणि गाडी हळूच, एखादी म्हातारी बाजेवर टेकावी तशी, आडवी झाली. मला खरचटलं तेवढंच. पण टाकीवर ठेवलेला लसीचा डबा उडून पुढं गेला आणि मीटरच्या भोवतीच्या काळ्या प्लास्टिकवर आदळला. लस शाबूत राहिली. प्लास्टिकचे तीन तुकडे झाले.

गाडीचं बाहेरचं तोंड रस्त्याला दिसतं आणि हे आतलं पॅनेल चालवणाऱ्याला दिसतं. तेच फुटल्यामुळे मीटर लोंबत होता, वायरी बाहेर आल्या होत्या आणि खड्डा आला की सगळं मिळून खडखड वाजायचं. माझ्या आधी माझी गाडी गावात पोहोचू लागली. तालुक्याच्या मेस्तरीनं सांगितलं की पूर्ण तोंडच बदलावं लागेल, महिनाभर गाडी त्याच्याकडे ठेवावी लागेल, आणि बाई, तुमी कायले जंगलात गाडी फिरवता? मी त्याच्या दुकानातून गाडी वाजवत वाजवत परत आणली. चंद्रपूरच्या एका स्पेअरच्या दुकानाला फोन केला. त्यानं नुसतं आतलं पॅनेल एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवून दिलं. बांधलेला कागद फाडून पाहिलं तर पांढुरकं, राखाडी, रंग न दिलेलं. फोनवर विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

तर त्या मंगळवारी मी नवऱ्याशी भांडले. गाडी विकली तर मी पाच गावं कशी करणार, तू पुन्हा मला सोडायला येणार का, हे सगळं विचारून झालं. तो गप्प बसून राहिला. भांडताना समोरचा गप्प बसला की माझा राग दुप्पट होतो, हे त्याला वीस वर्षांत समजलेलं नाही, किंवा चांगलंच समजलेलं आहे. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "रविवारपर्यंत गाडी होती तशी झाली, तर मी दादाले बोलीन." मी म्हटलं, ठीक. मनात म्हटलं, तू आणि दादाला बोलणार. पण एवढीच फट होती, तीत मी पाय घातला.

बुधवारी संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर तुटलेलं पॅनेल काढायला बसले. मी आयुष्यात इंजेक्शनं दिली, टाके काढले, बाळंतपणं केली, पण गाडीचा स्क्रू कधी काढला नव्हता. म्हणून जे येत होतं त्याच रीतीनं केलं. वहीच्या पानावर गाडीच्या तोंडाचं चित्र काढलं आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथं चिकटपट्टीनं लावून ठेवला. वायरी सोडवताना प्रत्येकीवर पट्टीचा तुकडा लावून नंबर टाकला. एक क्लिप काही केल्या सुटेना. ती रबराच्या बुचाखाली लपून बसली होती. मी जोर केला, क्लिप तुटली आणि माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून सासूबाई आतून म्हणाल्या की सरकारी नोकरीत हे शिकवतात का.

गुरुवारी पहाटे रंग. नव्या पॅनेलला आधी पॉलिश पेपर घासला, स्पिरिटनं पुसलं, प्रायमर मारला आणि तो सुकल्यावर पोंभुर्ण्यातून आणलेला चमकदार काळ्या रंगाचा फवारा मारला. जवळून मारला, म्हणून एका कडेला ओघळ आला. तरी लांबून पाहिलं तर झकास. अंगणात मध्यभागी ऊन येतं त्या जागी पोत्यावर ते ठेवलं आणि मी लसीकरणाला निघून गेले. जाताना स्वतःवर एवढी खूश होते की वाटेत दोघींना विनाकारण राम राम घातला.

दुपारी परत आले आणि अंगणात पाहून जागीच थांबले. पूर्ण अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली होती. पोत्यावरही, पॅनेलवरही. पिवळी, रसाळ, फुगलेली फुलं ओल्या काळ्या रंगात रुतून बसली होती आणि त्यांच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. एक फूल उचललं तर त्याच्याबरोबर रंगाची साल निघाली.

मी सासूबाईंवर तोंड सोडलं. त्या पहाटे चारपासून मोह वेचून, दोन टोपल्या डोक्यावर आणून, पाठ धरून बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले वाटलं जुनंच तुटकं हाय. आन मोहाच्या दिवसात अंगनात रिकामी जागा ठेवते कोनी?"

त्यांचं बरोबर होतं. मी याच मातीतली. मोह पडायला लागला की आमच्याकडे अंगण, छत, बाज, ओटा, सगळ्यावर मोहाचा हक्क. रस्त्याच्या कडेची जागासुद्धा कोणी सोडत नाही. लहानपणी माझ्या आईनं माझी शाळेची पाटी उन्हात दिसली म्हणून तिच्यावर मूठभर मोह पसरला होता. आणि एवढं सगळं ठाऊक असून मी मार्चअखेरीला अंगणाच्या मधोमध ओला रंग ठेवून गेले. शहरातल्या माणसाला ही चूक करता आली नसती. त्याच्याकडे अंगणच नाही. मी सासूबाईंची माफी मागितली नाही, पण त्यांच्या पाठीला तेल लावून दिलं, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ तोच होतो.

शुक्रवारी सगळा रंग घासून काढला. मोहाचा रस इतका चिकट की पेपर दोन घास चालायचा आणि भरून जायचा. गरम पाण्यानं आधी गोडवा धुतला, मग पेपर. हात काळे झाले, नखं काळी झाली. उपकेंद्रात हातमोजे घातले तेव्हा कुठं पेशंट शांत झाले. रंगाचा डबा संपला होता आणि पोंभुर्ण्यातल्या दुकानदाराकडे तेवढा एकच होता. रविवार तोंडावर आला होता. मला खरंच भीती वाटली. गाडी गेली तर मी पुन्हा नाक्यावर उभी राहणार, कोणाच्या तरी मागं बसायला मिळेल म्हणून हसून बोलणार, आणि संध्याकाळी घरी कधी पोहोचणार हे दुसरा ठरवणार. ते चार वर्षांपूर्वीचं जगणं मला परत नको होतं. त्या दुपारी मी दवाखान्याच्या मागं जाऊन थोडी रडलेसुद्धा. मग नाक पुसलं आणि समोरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले.

तिथल्या मुख्याध्यापक बाईंकडे फळ्याचा काळा रंग उरलेला असतो हे मला ठाऊक होतं. दरवर्षी त्या फळे रंगवून घेतात. त्यांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी डबा दिला, वर बोटभर रुंदीचा ब्रशही दिला, आणि म्हणाल्या की नाही तरी हा चमकत नाही, डोळ्यांवर येणार नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आतलं पॅनेल कंपनीनं मंद काळं कशासाठी दिलेलं असतं? दुपारच्या उन्हात ते चमकलं तर चालवणाऱ्याच्या डोळ्यांत जातं म्हणून. माझा चकचकीत रंग टिकला असता, तर मी चंद्रपूरच्या उन्हात डोळे मिटून गाडी चालवली असती. मोहानं माझ्यावर उपकारच केले, असं मी त्या दिवशी सासूबाईंना मात्र सांगितलं नाही.

शनिवारी पहाटे सासूबाई मोहावर गेल्या आणि मी कामाला लागले. या वेळी जागा घराच्या आत, मागच्या खोलीत. पण तिथं धान्याचा कोंडा, माश्या, वरून पडणारी छपराच्या कवेलूंची माती. ओल्या रंगावर एक कण बसला तरी दिसतो. म्हणून मी मच्छरदाणी टांगली. आतमध्ये स्टुलावर पॅनेल ठेवलं, रंगात थोडं थिनर घालून तो पातळ केला, आणि दाणीत शिरून एका बाजूनं एकच हात, एकच दिशा, असा ब्रश ओढत गेले. घाईनं जाड हात मारायचा मोह झाला, पण ओघळ आठवला. हात पातळ दिला आणि थांबले. सुकल्यावर ओल्या बारीक पेपरनं हलकं घासलं आणि दुसरा हात दिला.

दुसरा हात चालू असताना शेजारची काकी मीठ मागायला आली. ही काकी जंगलगावातून लग्न होऊन आलेली, तिखट जिभेची. गेल्याच महिन्यात मी तिच्या घरी जाऊन, तिनं कोंबडीच्या खुराड्याला सरकारी मच्छरदाणी बांधली म्हणून तिला दहा बायकांसमोर झापलं होतं. दाणी माणसांसाठी असते, कोंबड्यांसाठी नाही, मासे धरायला नाही, असं माझं पाठ भाषण आहे. ती दारात उभी राहिली. मच्छरदाणीच्या आत मी, माझ्यासमोर पॅनेल. तिनं बराच वेळ पाहिलं आणि अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "बाई, गाडीले मलेरिया झाला का?"

मी हसून हसून ब्रश खाली ठेवला. नसता ठेवला तर तो हातही बिघडला असता. काकी मीठ न घेताच गेली, कारण ही बातमी तिला मिठापेक्षा मोलाची होती. दुपारपर्यंत गावभर झाली. माझं ते भाषण मी नंतर दिलेलं नाही. नवं तयार करावं लागलं.

संध्याकाळी उजेड असेपर्यंत पॅनेल बसवलं. वहीचं चित्र समोर ठेवून नंबराप्रमाणे वायरी जोडल्या, स्क्रू पट्टीवरून सोडवून आपापल्या घरी पाठवले. तुटलेल्या क्लिपच्या जागी पातळ तार गुंडाळून घट्ट केली. सगळं झाल्यावर पाहते तर एक स्क्रू हातात उरला. आमच्या खात्यात पेशंटच्या पोटात काहीतरी राहिल्याच्या गोष्टी सांगतात. इथं पेशंट बंद झाला होता आणि सामान बाहेर राहिलं होतं. पुन्हा सगळं उघडलं. मीटरच्या खालची जागा रिकामी होती. तो बसवला, किल्ली फिरवली, मीटर उजळला. गावाबाहेर नाल्यापर्यंत जाऊन आले. गिट्टीवरून नेली, मुद्दाम खड्ड्यातून नेली. कुठंच काही वाजलं नाही. मी गाडीवर बसल्या बसल्या मोठ्यानं हसले. तिथं गुरं सोडून कोणी नव्हतं, म्हणून बरं.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. ठेकेदाराचा माणूस, पांढरी पॅन्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गाडी नावावर करायचा फॉर्म, कोरा. भासरे बाजेवर बसले, नवरा खांबाला टेकून उभा, मी दाराच्या आत. माणसानं गाडीला तीन फेऱ्या मारल्या, बसून पाहिलं, आतल्या पॅनेलवर हात फिरवला आणि विचारलं की हे मेस्तरीचं काम दिसतं, कोणाकडे केलं. नवरा म्हणाला, घरीच. माणूस हसला. त्याला गंमत वाटली. गाडी पसंत आहे, म्हणाला.

भासरे नवऱ्याला म्हणाले की किल्ली आणायला सांग.

आता नवऱ्यानं बोलायचं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, दादाकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि घसा खाकरला. एवढंच. मला त्याचा राग आला नाही. ज्यानं नांगर धरून वाढवलं त्याच्यासमोर जीभ उचलत नाही, हे मला कळत होतं. पण माझी जीभ तर आजवर कोणी बांधली नव्हती. वीस वर्षं मी ती स्वतःच बांधून ठेवली होती. मी दाराबाहेर आले, पदर सावरला आणि बाजेसमोर उभी राहून म्हणाले, "भाऊजी, गाडी विकाची नाई. मले पाच गावं आहेत."

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. नवरा सरळ उभा राहिला. भासरे माझ्याकडं नाही, गाडीकडं बघत होते. मग उठले, गाडीपाशी गेले आणि पॅनेलच्या कडेवरून अंगठा फिरवला. हा माणूस दर पोळ्याला बैलांची शिंगं स्वतः रंगवतो, गावात त्याच्याइतका साफ हात कोणाचा नाही. ओघळ कुठं असतो ते त्याला नेमकं माहीत. त्यांनी खालची कडही तपासली. तिथं काही सापडलं नाही. मग माझ्याकडं वळून, दाराकडं नाही, माझ्याकडं, विचारलं, "रंग कोनता मारला?"

मी म्हटलं, फळ्याचा, शाळेतला, दोन हात, पातळ करून. ते म्हणाले की ब्रशची रेघ दिसत नाही. मी म्हटलं, दोन हातांच्या मधात ओला पेपर मारला. त्यांनी मान हलवली. वीस वर्षांत आमचं पहिलं बोलणं झालं ते एवढं, आणि त्या वेळी मला जो आनंद झाला तसा पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

गिऱ्हाईकाला त्यांनी चहा घेऊन जायला सांगितलं. तो जरा खट्टू झाला. फॉर्म पिशवीत घालायला लागला, तेव्हा भासऱ्यांनी हात पुढं करून तो मागून घेतला आणि नवऱ्यापुढं धरला. "कागद आलाच हाय, तर वाया कायले घालवाचा," म्हणाले. "देनाऱ्याच्या जागी तुही सही कर. घेनाऱ्याच्या जागी तिचं नाव टाक."

नवऱ्यानं बाजेवरच टेकून सही केली आणि फॉर्म माझ्याकडं दिला, त्याचं अक्षर वाईट म्हणून. भासरे परत बाजेवर बसले होते, त्यांनी सरकून जागा केली. मी बसले, आणि नखांत अजून काळा रंग असलेल्या हातानं, घेणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.